गुलाबी लेदर, पांढरी बाटली आणि १६,१०० रुपये

घरच्या समुद्री टँकसाठी अ‍ॅपवरची जाहिरात बघून कोरल (प्रवाळ, समुद्रातला जिवंत प्राणी) मागवला, तो रंगवलेला निघाला आणि मी फसले. आकडे आधीच लिहिते, कारण ज्यांच्या ज्यांच्या दारात गेले त्यांनी पहिला प्रश्न "नेमके किती गेले?" हाच विचारला, आणि उत्तर ऐकून तोंड असं केलं की जणू मीच त्यांचा वेळ खाल्ला. कोरलचे ८,४००. कुरिअरचे ६५०. 'रिकव्हरी किट'चे ३,२५०. पाण्याच्या 'लॅब रिपोर्ट'चे १,८००. बदली कोरल पाठवतो म्हणून घेतलेली 'परत मिळणारी' अनामत २,०००. एकूण १६,१००. अनामत परत मिळाली का, हे विचारू नका.

धंद्याची रीत जुनीच आहे. आधी वस्तू गळ्यात मारायची, ती बिघडली की तिचं औषध विकायचं, औषध लागू पडलं नाही की तपासणी विकायची. फक्त इथे वस्तू जिवंत असते. डोळ्यांदेखत काहीतरी मरत असताना कोण घासाघीस करतं?

"नवीन टँकमध्ये कोरल टाकायची घाई केली असेल" असं म्हणणारे निघतीलच, म्हणून सांगून ठेवते. टँक १५० लिटरचा. लाइव्ह रॉक (उपयोगी जीवाणू वसलेले समुद्री खडक) घालून सायकल, म्हणजे पाण्यात ते जीवाणू स्थिरावण्याची प्रक्रिया, पूर्ण होऊ दिली होती, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट पाचच्या आसपास. क्षारता ३५, तापमान २५ अंश, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटांचं मोजमाप) ८.३. कोरलही कुठला महागडा, नाजूक घेतला नव्हता. टोडस्टूल लेदर, म्हणजे छत्रीसारखी टोपी असलेला मऊ कोरल, घेतला, जो नवशिक्यांना सगळेच सुचवतात. वाचन केलं होतं, वही ठेवली होती. यापेक्षा जास्त काय करायचं होतं?

आता ती पिशवी. तिच्यावरून अजूनही रात्री चडफडते. पार्सल उघडलं तेव्हा पिशवीतल्या पाण्याला फिकट गुलाबी झाक होती. पिशवी पुसली, तर पांढऱ्या टिश्यूवर गुलाबी डाग. कोरल तर देठापासून टोपीपर्यंत एकसारखा गुलाबी, शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा. जे दोन-चार पॉलिप (कोरलची इवली तोंडं) अर्धवट बाहेर आले होते, तेही त्याच रंगाचे. टोडस्टूल सहसा असा नसतो. तो मळकट पिवळा, तपकिरी, फार तर हिरवट, आणि पॉलिपचा रंग अंगापेक्षा थोडा वेगळा उठून दिसतो. लगेच विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "ताई, प्रवासात स्ट्रेस झाला की लेदर चिकट स्राव सोडतो, त्यात रंग येतो. नॉर्मल आहे."

यातलं अर्धं खरं आहे हो! लेदर कोरल ताणाखाली स्राव सोडतोच. पिशवीतलं पाणी खराब होतंच. असा गुलाबी रंग मात्र सोडत नाही. त्याच्या प्रत्येक थापेला असाच खरेपणाचा मुलामा होता, आणि म्हणूनच माझ्या जागी कोणीही असतं तरी थांबलं असतं. विकताना पाठवलेले सगळे व्हिडिओ निळ्या लाइटखालचे होते, ज्यात खरा रंग कळत नाही. पण निळ्या लाइटखाली तर सगळेच विक्रेते व्हिडिओ काढतात, मग संशय घ्यायचा तरी कशाचा?

रंगवलेल्या कोरलचं काय होतं ते ऐका. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, झूझँथेली. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि कोरलचं पोट बरंचसं त्यावरच चालतं. वर रंगाचा थर बसला की प्रकाश आत नीट पोचत नाही, म्हणजे लाइट चालू असूनही उपासमार. शिवाय ताणाने शैवाल गमावून पांढुरका पडलेला माल खपवायलाही हाच रंग सोयीचा.

टँकमध्ये गेल्यावर कोरल मिटला आणि मिटलेलाच राहिला. अंगावर मेणचट पापुद्रा चढला. "ताई, कात टाकतोय, थांबा." परत अर्धसत्य. टोडस्टूल खरोखरच असा मिटतो, पापुद्रा टाकतो, आणि काही दिवसांत, कधी दोन आठवड्यांत, आपोआप उघडतो. पण निरोगी कोरलचा देठ त्या काळात ताठ असतो. माझ्या कोरलची टोपी कडेने मऊ पडत चालली होती आणि स्किमरचा (फेसासोबत पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप गुलाबी फेसाने भरत होता. हे कळवल्यावर 'किट' पुढे आलं. पांढरी बाटली, २५० मिली, लेबलवर कोरलचं चित्र, आत काय आहे त्याचा एक शब्द नाही. रोज २५ मिली. सोबत चिठ्ठी: औषध चालू असताना पाणी टेस्ट करू नये, रीडिंग चुकीचं येतं.

ही चिठ्ठी वाचून ज्याला हसू येईल त्याने आपला कोरल मरताना पाहिलेला नाही.

कोरल अर्थातच आणखी ढासळला. मग "पाण्यातच दोष दिसतोय, सँपल पाठवा, १,८०० भरा, आणि २,००० अनामत भरलीत तर रिपोर्ट चांगला आला की नवा कोरल लगेच निघेल." दोन्ही एकदम भरले. रिपोर्ट सुंदर आला, कॅल्शियम ४३५, मॅग्नेशियम १३१०, केएच ८.०, शेवटी शेरा "उत्तम". फक्त माझं सँपल तेव्हा वाटेतच होतं. कुरिअरच्या ट्रॅकिंगवर पार्सल मधल्याच गोदामात पडलेलं दिसत होतं! चिठ्ठी गेली खड्ड्यात म्हणत मी स्वतः टेस्ट केली. केएच १२.९.

बाटलीच्या तळाशी उरलेल्याचे थेंब आरओच्या पाण्यात टाकले. ज्या पाण्याचा केएच जवळजवळ शून्य, त्याचं रीडिंग थेट वर गेलं. काही थेंब व्हिनेगरमध्ये टाकले, तर फसफसून फेस. खायचा सोडा. हिशेब जुळतो का तेही पाहिलं. १०० लिटर पाण्याचा केएच एक अंशाने वाढवायला साधारण ३ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे माझ्या टँकला ४.५. वाढ झाली ४.६ अंशांची, म्हणजे जवळजवळ २१ ग्रॅम. बाटलीभर पाण्यात विरघळून विरघळून साधारण तेवढाच सोडा विरघळतो. ३,२५० रुपयांना मूठभर सोडा, तोही आधीच गुदमरलेल्या जिवाच्या टँकमध्ये माझ्याच हाताने ओतून घेतला. मी तसं विचारलं, तर निळ्या दोन टिका आल्या आणि पुढच्या क्षणी नंबर ब्लॉक.

आता तक्रारींचं पुराण. जिथे जाहिरात दिसली होती ते अ‍ॅप म्हणालं, जिवंत प्राण्यांच्या व्यवहाराची जबाबदारी आमची नाही. मग जाहिरात ठेवता कशाला, याचं उत्तर यंत्राने लिहिलेलं आलं, "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे." बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, सबब ही फसवणूक नव्हे, 'अधिकृत व्यवहार' आहे. चोराला दार घरच्याने उघडलं की ती चोरी नाही, हा नवा कायदा मला बँकेच्या काउंटरवर कळला. सायबर तक्रारीच्या खिडकीवर विचारलं गेलं, "मॅडम, मासा मेला का?" मासा नाही, कोरल. "म्हणजे दगड ना?" प्राणी आहे म्हटल्यावर, मग प्राण्यांचा विभाग वेगळा. तिथे गेले तर पैशाचं प्रकरण म्हणून परत पहिल्या खिडकीवर. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'इतर' निवडलं की कारण १०० अक्षरांत लिहायचं, आणि शंभराव्या अक्षराला खोका लाल होतो. ग्राहक कक्षाने बिल मागितलं. बिल होतं! त्यावर त्या पठ्ठ्याने लिहिलं होतं 'टँक सजावट साहित्य, १ नग'. कक्षातल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सजावट मिळाली ना तुम्हाला?" आणि एकाने तर "एवढ्याशा रकमेसाठी कशाला मनःस्ताप करून घेता" असा फुकटचा सल्लाही दिला. एवढ्याशाच रकमा शंभर जणांकडून उकळतात म्हणून तर यांचं घर चालतं ना!

तक्रार द्यायचीच असेल तर ट्रॅकिंगचे स्क्रीनशॉट लगेच काढा, पुढे ते गायब होतात. माझ्याकडे आहेत, म्हणून निदान अर्जाला क्रमांक तरी मिळाला.

कोरल घेताना साध्या पांढऱ्या लाइटखालचा व्हिडिओ मागा, त्यात आजची तारीख लिहिलेला कागद दिसू दे. देत नसेल तर विषय संपला. पिशवीतल्या पाण्यात रंग दिसला की कोरल टँकमध्ये घालू नका, तसाच फोटो काढा, तसाच परत करा. आत काय आहे हे लिहिलेलं नाही ती बाटली टँकजवळ आणू नका. आणि जे मोजता येत नाही ते ओतायचं नाही, मग सांगणारा कितीही "ताई, ताई" करो.

कोरल खरंच ताणात असेल तर करायचं ते फार थोडं आणि जवळजवळ फुकट आहे, हेच या लोकांना तुम्हाला कळू द्यायचं नसतं. लाइट मंद करा, मग आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. प्रवाह मध्यम ठेवा, पंपाचा झोत थेट अंगावर नको. फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन घाला, लेदर पाण्यात सोडतो ती रसायनं आणि बराचसा रंगही तो शोषतो. पाणी थोडं थोडं बदला, १० टक्के पुरे, नव्या पाण्याची क्षारता आणि तापमान जुळवून. केएच चढला असेल तर एकदम खाली ओढू नका, दिवसाला एक अंशाच्या आतच. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायचा हट्टही नको, त्याने कोरल उपाशी राहतो. आणि रोज उचलून नवीन जागी ठेवू नका, हे तर मी दहा जणांना सांगितलं आणि दहाही जण ठेवतात.

माझ्या कोरलची टोपी गेली. सडलेला भाग धारदार ब्लेडने निरोगी मांसापर्यंत कापून टाकला, कारण एकदा सड लागली की ती देठात उतरते. बुडखा राहिला, बोटाएवढा. लेदर बुडख्यातूनही नवी टोपी धरू शकतो. रंग उतरून आता तो फिकट तपकिरी दिसतो, म्हणजे त्याचा खरा रंग, जो पाहून मी ८,४०० काय, ८०० सुद्धा दिले नसते.

तो गृहस्थ दुसऱ्या नावाने परत जाहिराती टाकतोय. व्हिडिओ तोच, मागची भिंत तीच, फक्त कोरल या वेळी निळा आहे आणि किंमत ९,२००. त्याला पांढऱ्या लाइटखालचा व्हिडिओ मागा. मी दुसऱ्या नंबरवरून मागितला, तर म्हणाला, "ताई, पांढऱ्या लाइटचा कोरलला स्ट्रेस होतो."