नवी पेठेतून घेतलेला ६५० चा युव्ही ४०० गॉगल, अडीच महिने वापरून

एप्रिलमध्ये सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानातून घेतला, सांगितले ८००, दिले ६५०. (युव्ही म्हणजे उन्हातले डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण, आणि युव्ही ४०० म्हणजे ते अडवणारी काच.) माझं काम वसुलीचं, दिवसभर गाडीवर, सात रस्ता ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, त्यामुळे भरपूर वापर झालाय.

दुकानदाराने युव्ही टॉर्च काढून पाचशेच्या नोटेवर मारली, नंबर चमकायला लागले, मध्ये ही काच धरली की चमक गायब. मग माझा फुटपाथवरचा दीडशेचा काळाकुट्ट गॉगल धरला तर नंबर जरा मंद पण चमकतच होते की! तीन वर्षं मी काय घालून फिरत होतो देव जाणे, कारण असल्या गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि युव्ही उलट जास्त आत जाऊ शकतं.

गॉगलला चार स्टार, दुकानदाराच्या ज्ञानाला एकच. म्हणे "ओझोनला भोक पडलंय ना सर, म्हणून सोलापुरात ऊन वाढलंय." अहो ओझोन म्हणजे वर हवेतला युव्ही अडवणारा थर, त्याला भोक पडतं ते अंटार्क्टिकावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर फ्रीज-एसीतले ओझोन खाणारे सीएफसी वायू बंद होत गेले म्हणून आता थर हळूहळू भरून येतोय. आपल्या पट्ट्यात ओझोन मुळातच पातळ, त्यात मे महिन्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली, मग युव्ही जास्त असणारच. ४३ डिग्रीची झळ वेगळी, युव्ही वेगळं, ते अंगाला कळतही नाही. हवामान बदलाचा संबंध आहे पण तो असा की आपल्याकडे ढग किती आणि हवेत धूळ-धूर किती यावर बरंच ठरतं, ढग कमी झाले किंवा हवा स्वच्छ झाली तर युव्ही जास्त पोचणार (स्वच्छ हवेचा पण तोटा, घ्या!). मी तरी कुठे शहाणा, जूनमध्ये आभाळ आलं म्हणून गॉगल डिकीत टाकला, विरळ ढगातून युव्ही बऱ्यापैकी येतं हे नंतर कळलं.

एक स्टार कापला तो घामाने नाकावरून घसरतो म्हणून, खड्डा आला की थेट ओठावर. काच चपटी आहे त्यामुळे बाजूने ऊन घुसतंच. केसची चेन पंधरा दिवसांत गेली, विचारायला गेलो तर "केस फ्री होती सर."

कानापर्यंत वळलेला मिळाला तर तोच घ्या, आणि टॉर्च मारून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, नोट मात्र त्यालाच काढायला लावा.