रविवार पेठेतलं काष्ठौषधींचं दुकान: भुईआवळा आणला, कुटकी राहू दिली

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही. तरी मार्चमध्ये पोटाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’, म्हणजे यकृतात चरबी साठलेली, असं आलं आणि रक्तात एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की वाढतं ते, ९४. हे रिक्षा चालवतात, म्हणजे दिवसभर बैठक. वजन ८२ किलो, मधुमेहाची गोळी चार वर्षांपासून चालू. डॉक्टरांनी बी आणि सी हिपॅटायटिसच्या तपासण्या करून घेतल्या, त्या नॉर्मल आल्या. मग म्हणाले, निदान सहा किलो वजन उतरवा, साखर बंद करा, तीन महिन्यांनी परत बघू.

नुसतं ‘वजन उतरवा’ ऐकून माझ्या जिवाला चैन पडेना. मोबाइलवरची जाहिरात बघून लिव्हर साफ करणाऱ्या पावडरीचा डबा मागवला, १,४९९ रुपयांचा. वर अकरा वनस्पतींची नावं होती, पण कुठली किती घातली आहे ते कुठेच नाही. चौथ्या दिवशी ह्यांना जुलाब लागले. डॉक्टरांनी डबा बंद करायला लावला, आणि पैसे काही परत मिळाले नाहीत. त्यानंतर मी आमच्या गल्लीतल्या वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी आधी चालू गोळ्यांची चिठ्ठी वाचली आणि एकच वस्तू लिहून दिली: भुईआवळ्याचं चूर्ण, सकाळ-संध्याकाळ अर्धा चमचा कोमट पाण्यातून, सहा आठवडे, तेही डॉक्टरांच्या कानावर घालून. त्या चिठ्ठीपायी मी पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूच्या या दुकानात पोचले.

दुकान अरुंद आहे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरकायचं. खाली पोती, वर छतापर्यंत डबे, मध्ये लोखंडी खलबत्ता. काकांनी चिठ्ठी वाचली, पण चूर्णाच्या डब्याला हात लावला नाही. आधी भुईआवळ्याची वाळलेली जुडी काढून माझ्या हातात दिली. पान चिंचेच्या पानासारखं बारीक. काडी उलटी करून दाखवली, तर पानांच्या खालच्या अंगाला मोहरीएवढे गोल दाणे ओळीने लोंबत होते. “ताई, हे आवळे दिसले पाहिजेत. नुसता हिरवा पाला कुणी भुईआवळा म्हणून दिला तर घेऊ नका.” मग समोर कुटून, चाळून दिलं. १०० ग्रॅमला ६० रुपये. पावसाळ्यात आमच्या गच्चीतल्या कुंड्यांत हेच रोप उगवतं आणि मी दर वर्षी तण समजून उपटत होते.

मी कुटकीही मागितली. यकृताचं नाव काढलं की सगळे हिचंच नाव घेतात. हिमालयात उंचावर येते, महाग असते आणि म्हणून भेसळही होते. काकांनी वाकडीतिकडी तपकिरी मुळी मोडून आतला काळपट भाग दाखवला आणि कणभर तुकडा जिभेवर ठेवायला दिला. कडू म्हणजे किती, तर दुपारी माझी आमटी चाखायची पंचाईत झाली, मिठाचा अंदाज शेजारणीला विचारावा लागला. एवढं दाखवून काकांनी विचारलं, वैद्यांनी लिहिली आहे का? नाही म्हटल्यावर मुळी परत डब्यात. “ही पोट साफ करते. ह्यांना आधीच जुलाब झालेत, वर मधुमेहाची गोळी चालू. लिहून आणा, मग देतो.” ५० ग्रॅमचे १२० रुपये मिळत असताना त्या माणसाने माल विकला नाही. या दुकानाबद्दल लिहायला बसले ती याच गोष्टीसाठी.

मी उभी असतानाच एक मुलगा काविळीचं औषध मागायला आला. काकांनी त्याला उजेडात उभं करून डोळे बघितले, लघवीचा रंग विचारला आणि सांगितलं, आज आधी रक्त तपासून ये, पुडी नंतर. आपल्याकडे कावीळ म्हटलं की माळ, झाडपाला आणि उतारा यांतच आठ दिवस जातात. पुष्कळदा ती आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं, पण ज्याची होत नाही त्याचे ते आठ दिवस फार मोलाचे असतात.

गुळवेलीचंही तसंच. करोनात आमच्या वाड्यात घरोघरी तिचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या आणि यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. तो वाद सोडवणं माझं काम नाही. पण वस्तू ओळखून घ्यावी आणि चालू औषधं सांगूनच घ्यावी, एवढं दोन्हीकडून कळतं.

आता फरक कशाने पडला ते सांगते, कारण मी २२ डबे करते आणि स्वयंपाकघर हे माझं क्षेत्र आहे. ह्यांचे दिवसाचे सात चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. मी एका सकाळी तेवढी साखर वाटीत मोजून काट्यावर ठेवली: ७० ग्रॅम. ती वाटी आठवडाभर ओट्यावर तशीच ठेवली होती. तीन आठवड्यांत साखर शून्यावर आणली. स्टँडवर आता बिनसाखरेची काळी कॉफी पितात, तिला डॉक्टरांनी आनंदाने हो म्हटलं. पोळी एका वेळेलाच, रात्री साडेसातला ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, कारलं किंवा मेथी किंवा शेवग्याचा पाला, आणि ताक. कारलं मी पिळून कडू काढून टाकत नाही, चिंच-गूळही घालत नाही. कांद्यावर खरपूस परतलं की खाल्लं जातं. तेल महिन्याला मोजून. पहाटे रिक्षा काढायच्या आधी पर्वतीची टेकडी चढतात, १०३ पायऱ्या. पहिल्या दिवशी हे चार वेळा बसले, आता वर जाऊन परत येईपर्यंत माझी कणीकही मळून होत नाही.

जूनच्या शेवटी वजन ७७ आणि एसजीपीटी ५१. भुईआवळ्याचा त्यात किती वाटा, ते मला वेगळं काढता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, पाच किलोंनी काम केलं. वैद्यबाई म्हणाल्या, पथ्य पाळलं म्हणून औषध लागू पडलं. दोघंही जेवणाकडेच बोट दाखवतात, आणि माझाही कौल तोच आहे.

दुकानात उणिवा आहेत. पुडीवर तारीख नसते, मला ते पटत नाही, मी स्वतः पेनाने लिहून आणते. खडबडीत कुटलेलं चूर्ण एकदा घरी पुन्हा चाळावं लागलं. दुचाकी लावायला जागा नाही. शनिवारी इतकी गर्दी की काकांना बोलायला वेळ नसतो, आणि त्यांनी बोलावं म्हणून तर तिथे जायचं. माझ्याकडून पाचपैकी चार.

जाणार असाल तर मधल्या वारी, अकराच्या आत जा. रिपोर्ट नेऊ नका, ते बघत नाहीत. वैद्यांची चिठ्ठी आणि चालू असलेल्या गोळ्यांची यादी मात्र न्या, त्या नसतील तर कुटकीसारखी वस्तू मिळणार नाही.