सोलापुरात अॅथलेटिक्स क्लब जॉइन करायचाय? आधी हे वाचा (मीटच्या, म्हणजे स्पर्धेच्या दिवसाचा रिव्ह्यू)

क्लबचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण हायत आणि सरांचं तोंड रोज बघायचंय मला. पण सोलापुरातल्या कुठल्याही क्लबला फी भरायच्या आधी काय बघावं ते यातून कळेल. मी पस्तिशीच्या पुढचा, म्हणजे मास्टर्स गटातला, 800 आणि 1500 मीटर पळतो, नोकरी करून. मेडल वगैरेचं काय खरं नाही, पण मीटला उतरायची हौस दांडगी.

रोजच्या प्रॅक्टिसवरून क्लब जोखू नका असं माझं मत. पहाटे शिट्टी मारून राऊंड सगळेच घेतात, एबीसी ड्रिल (पळायची ढब सुधारायचे व्यायाम) युट्युबवर पण मिळतात. क्लब कळतो तो मीटच्या दिवशी. आमचा क्लब तिथं निम्मा पास निम्मा नापास.

पास कुठं ते आधी सांगतो. आमची प्रॅक्टिस मातीच्या ट्रॅकवर आणि राज्याच्या स्पर्धा पुण्यात बालेवाडीला सिंथेटिकवर, त्यामुळं स्पाईक्सचा (खिळ्यांच्या बुटांचा) घोळ सगळ्यांचाच होतो. मातीत लांब खिळे लागतात, सिंथेटिकवर मात्र 9 मिमीच्या वर चालत नाहीत (उंच उडी आणि भालाफेकीला 12 पर्यंत चालतात). आमच्या सरांकडं एक जुना स्टीलचा डबा हाय, त्यात खिळे, पान्हा आणि सेफ्टी पिना. निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाचे बूट उलटे करून बघतात, मातीनं जाम झालेला खिळा असला तर स्वतः पिळून काढतात, आणि दुकानात भारीतला जाड सोलचा बूट घेऊन आलेल्या पोराला तिथंच सांगतात की ट्रॅकच्या इव्हेंटला 20 मिमीच्या वर सोल चालत नाही, हा रोडवर पळायला ठेव. सहा-सात हजार घालून बसलेल्या बापाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो, पण हे दुकानदार सांगत नाही, क्लबनंच सांगायला पाहिजे.

दुसरं म्हणजे रिले. 4x100 ला बॅटन बदलायची जागा, म्हणजे झोन, आता 30 मीटरची असते, त्यात पुढचा पळणारा कधी सुटणार हे पावलं मोजून ठरवावं लागतं. आमच्या पोरी मातीत चप्पल ठेवून खूण करतात आणि मागची तिथं आली की पुढची सुटते, मागं न बघता. आता मीटला चप्पल कोण ठेवू देणार, तिथं टेपची एकच पट्टी, 5 सेंमी बाय 40 सेंमी, म्हणून शेवटच्या आठवड्यात सर चपला बंद करून टेपवरच करून घेतात. एकीनं घाईत लवकर सुटून बॅटन पाडली तेव्हा सर ओरडले, "काय गं, बस सुटलालीय का तुझी?" सगळं ग्राउंड हसलं. पण जिल्ह्याला त्याच पोरींचं बदलणं एकदम गुळगुळीत झालं, शेजारच्या लेनमधल्या दोन टीम झोनच्या बाहेर जाऊन बाद.

नियमांचं पण चांगलं सांगतात. 800 ला पहिलं वळण संपेपर्यंत आपली लेन सोडायची नाही, मग ब्रेक लाईन येते, ती ओलांडली की आतल्या लेनमध्ये यायला मोकळे. मातीच्या ट्रॅकवर दुपारपर्यंत फक्की उडून ती रेघ दिसतच नाही, म्हणून सर हीटच्या (पहिल्या फेरीच्या) आधी नेऊन जागा दाखवतात. फॉल्स स्टार्टला (इशाऱ्याच्या आधीच सुटलं तर) पहिल्याच चुकीला बाहेर, दुसरा चान्स नाही, हे तर पोरांच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलंय.

आता नापास. एंट्री! राज्याच्या स्पर्धेला अॅथलेटिक्स फेडरेशनचा यूआयडी (खेळाडूचा नोंदणी नंबर) लागतो, जन्माचा दाखला लागतो, आणि फॉर्म शेवटच्या तारखेच्या आत ऑनलाईन जायला लागतो. आमच्याकडं हे काम ज्यांच्याकडं हाय त्यांनी गेल्या सीझनला लांब उडीच्या एका पोराचं नाव टाकायचंच ठेवलं. पोरगं बॅग घेऊन पुण्यात, आणि यादीत नाव नाही. वर त्यालाच म्हणले तू चेक करायचं नाहीस का बे. लांब उडीला आधी तीन उड्या आणि पहिल्या आठात आला तर अजून तीन, याला एक पण मिळाली नाही. फी परत दिली, पण वर्ष गेलं की वो पोराचं, वयोगट बदलला.

प्रवासाचं पण रडगाणं. पैसे वाचवायला एकदा त्याच दिवशी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं न्यायचं ठरवलं होतं, आता ती पुण्यात पोचून बालेवाडी गाठेपर्यंत सकाळच्या हीट उरकलेल्या असतात. पालकांनी दंगा केला तेव्हा आदल्या रात्रीची सोय झाली.

सोयी म्हणाल तर गोळा, थाळी ठीक, भाले वाकडे. साबळेचं बघून (बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे, 2022 च्या कॉमनवेल्थला 8:11.20 मध्ये सिल्व्हर) निम्म्या पोरांना स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्यावरून उड्या मारत 3000 मीटर पळायची शर्यत) करायचीय, पण आमच्या ग्राउंडवर पाण्याची उडीच नाही, शर्यतीत सात वेळा पाण्यावरून जायचं असतं, ते कोरड्या मातीत कसं शिकणार. ज्याला तेच करायचंय त्यानं पुण्याचा विचार करावा. मुलींना कपडे बदलायला धड खोली नाही, हे तर बोलून बोलून थकलो.

फी महिना हजाराच्या आत हाय, त्या मानानं मी पाचात साडेतीन देईन. उन्हाळ्यात सहाच्या आत ग्राउंड गाठा, साडेआठनंतर सोलापूरचं ऊन पळू देत नाही. आणि पोराला घालणार असाल तर यूआयडी आणि एंट्रीचा स्क्रीनशॉट दरवेळी स्वतः मागून घ्या, "झालंय ओ" वर विश्वास ठेवू नका.