बारीक बेझलचा टॅब आणि मोडीची रेघ: वापरानंतरचा अनुभव

सर्व्हिस सेंटरने टॅब परत दिला तो ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून, वर तपासणीचे ५९० रुपये घेऊन. वस्तू वॉरंटीत असताना. म्हणून हा सविस्तर अनुभव लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण काठाजवळ पेनाची रेघ बिघडण्याचा हा प्रश्न बारीक बेझलच्या, म्हणजे पडद्याभोवतीची चौकट अरुंद असलेल्या, कुठल्याही टॅबमध्ये येऊ शकतो.

बॅटरी, रंग, स्पीकर यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय. मला त्यात खोट दिसली नाही. पेन झटपट उमटतं, दाब नीट ओळखतं, हात टेकवून लिहिलं तरी मधल्या भागात उगाच रेघोट्या उमटत नाहीत. माझं भांडण आहे ते कडेच्या चार मिलिमीटरशी.

मी मोडी लिहायचा सराव करते. मोडीत आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला लटकवत अक्षरं लिहीत जायचं. देवनागरीसारखी शब्दागणिक शिरोरेषा नाही, शब्दांमध्ये जागा सोडायचीही पद्धत नाही. जुन्या पत्राचं स्कॅन पडदाभर लावून त्यावरून गिरवायचं, यासाठीच हा टॅब घेतला. म्हणजे रेघ या काठापासून त्या काठापर्यंत जाणार, आणि मी ती सावकाश ओढणार.

मधे रेघ सरळ येते. उजवा काठ चारेक मिलिमीटरवर आला की ती आधी किंचित थरथरते, मग पेन पुढे गेलं तरी शाई मागेच रेंगाळते. काठाला समांतर उभी रेघ ओढली तर ती आतल्या बाजूला सरकून उमटते. भरभर ओढलं तर हे लपतं, कारण ॲप रेघ गुळगुळीत करून देतं. दुकानात सगळे भरभर सही करून बघतात, म्हणून तिथे कुणाला कळत नाही.

असं का होतं, ते शोधत बसले. काचेखाली आडव्या-उभ्या पारदर्शक पट्ट्यांची जाळी असते. दोन पट्ट्यांमधलं अंतर साधारण चार-पाच मिलिमीटर आणि पेनाचं टोक जेमतेम एक मिलिमीटर. पेन स्वतः सिग्नल सोडतं, तो शेजारच्या पट्ट्यांवर कमी-जास्त पोहोचतो आणि त्या प्रमाणावरून टोकाची जागा काढली जाते. अंधारात हाक कुठून आली हे दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांना विचारून ठरवावं, तसं. काठावर बाहेरच्या बाजूला माणूसच उरत नाही. हिशेब एकतर्फी होतो आणि जागा आत ओढली जाते.

पूर्वी काळी चौकट रुंद असायची तेव्हा जाळी दिसणाऱ्या पडद्याच्या थोडी पलीकडे नेता यायची. आता चौकट बारीक झाली, आणि उरलेल्या जागेतून प्रत्येक पट्टीची तार चिपपर्यंत न्यायची असते. त्या तारा एकमेकींना खेटून जातात, शिवाय पेन जवळ आलं की स्वतःच त्याचा सिग्नल पकडतात. यावर उपाय आहेत: शेवटच्या पट्टीची रुंदी वेगळी ठेवणं, तारा पडद्याच्या भागातूनच वळवणं, काठासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळा दुरुस्ती-तक्ता देणं. पण त्याला मेहनत आणि मोजमाप लागतं. जाहिरातीत दिसतं ते फक्त ‘बारीक बेझल’.

‘थोडं झूम कमी करा की,’ असं काउंटरवरचा मुलगा म्हणाला. माझा पडदा २३.७ सेंटिमीटर लांब आणि १४.८ रुंद आहे. चारही बाजूंनी चार मिलिमीटर सोडले तर साडेआठ टक्क्यांहून जास्त जागा लिहिण्यासाठी बाद होते. पैसे मी पूर्ण पडद्याचे भरलेत.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे द्यायचे ठरवलं होतं. मग अपडेट आला. उभी रेघ आता बरीच जागेवर येते, थरथरही कमी झाली. हे काम ज्याने केलं त्याचे मनापासून आभार, तारे साडेतीन. पण नवी अडचण उभी राहिली. टॅब धरलेल्या अंगठ्याचा स्पर्श टाळायला कडेचे स्पर्श जास्त कडकपणे गाळले जात असावेत, कारण काठाजवळचे छोटे टिंब अधूनमधून गायब होतात. रेघ वाचली, अनुस्वार गेला! गिरवताना टिंब सुटलं की पुढे वाचणाऱ्याची दिशाभूल होते, आणि शब्द तोडलेले नसलेल्या लिपीत ती चूक पटकन ध्यानात येत नाही.

आमच्या मोडीच्या वर्गातल्या एका काकांकडे जुना, रुंद चौकटीचा टॅब आहे. त्यात विद्युतचुंबकीय पद्धत आहे: पडद्यामागे तारेच्या वेटोळ्यांची पाटी, पेनात बॅटरी नाही. २०११ च्या सॅमसंगच्या पहिल्या गॅलेक्सी नोट फोनमध्ये वॅकॉम कंपनीचं हेच तंत्र होतं. काकांच्या टॅबवर रेघ काठापर्यंत सुरेख जाते. मात्र मॅग्नेटवालं कव्हर लावलं की एका कोपऱ्यात तीही वाकते. तरी मोडीसाठी मी तोच टॅब निवडेन, जाडजूड दिसला तरी.

विकत घेणार असाल तर दुकानात एवढं करा. साधं चित्रकलेचं ॲप उघडा, रेघ गुळगुळीत करणारी सोय बंद करा, पट्टी ठेवून तिरकी रेघ अगदी सावकाश काठापर्यंत न्या. मग काठापासून दोन मिलिमीटरवर समांतर रेघ ओढा आणि चारही कोपऱ्यांत टिंबं द्या. टॅब हातात धरूनच द्या, टेबलावर ठेवून नाही. काही पेन-डिस्प्लेंच्या (पेनाने थेट लिहायच्या, संगणकाला जोडायच्या पडद्यांच्या) माहितीपत्रकात मध्यभागाची आणि कोपऱ्याची अचूकता वेगवेगळी छापलेली असते. टॅबच्या खोक्यावरही तोच आकडा हवा, ही मागणी मी कंपनीला लेखी पाठवली आहे. ५९० रुपयांच्या परताव्याचा अर्जही सोबत जोडलाय.