१००जी एओसी केबल: गणपतीपासून आजपर्यंतचा अनुभव

स्टोरेज आणि मेन स्विचच्या मधे गणपतीच्या आधी १००जीच्या (सेकंदाला १०० गिगाबिट) एओसी, म्हणजे दोन्ही टोकांना मॉड्यूल कायमचे जोडलेल्या फायबर केबल टाकल्या, आता होळीही होऊन गेली, म्हणजे खरं काय ते सांगता येईल. रॅक समोरासमोर आहेत पण ट्रेवरून वळसा घेत जायचं म्हटलं की दहा-बारा मीटर सहज लागतात, तिथे डॅकचा, म्हणजे टोकांसकट तयार येणाऱ्या तांब्याच्या केबलचा, प्रश्नच नाही, कारण १००जीला तांब्याची पॅसिव्ह केबल ३ मीटर, फार तर ५. वेगळे ट्रान्सीव्हर (पोर्टमध्ये बसणारं, विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारं मॉड्यूल) आणि एमपीओ कॉर्ड (एकाच कनेक्टरमध्ये अनेक फायबर असलेली) घेतली असती तर खर्च वाढला असता आणि टोकं पुसत बसायचं काम वेगळं. एओसीत लेझर आणि फायबर कारखान्यातच जोडून बंद केलेलं असतं, धूळ आत जायला वावच नाही, आणि आमच्या शेजारी बांधकाम चालू आहे त्यामुळे मला हे सगळ्यात जास्त पटलं.

चालायला एकदम मस्त. केबल इतकी बारीक की रॅकच्या मागून हवा नीट फिरते. एफईसीचे (चुका आपोआप दुरुस्त करणारी यंत्रणा) करेक्टेड एरर वाढताना दिसतात, त्याने घाबरू नका, २५जीच्या चार लेन (समांतर वाटा) म्हटल्यावर ते होणारच, लक्ष ठेवायचं ते अनकरेक्टेडवर आणि आमच्याकडे तो आकडा शून्यावरून हललेला नाही. एक लिंक सोडून.

ती लिंक मधेच पडायची, परत यायची, रात्री बॅकअप चालू असताना तर हमखास. रीडिंग काढलं तर एका टोकाला चारपैकी एका लेनची रिसीव्ह पॉवर बाकीच्यांपेक्षा खूपच खाली. आता ट्रान्सीव्हर असता तर काढून दुसरा लावला, पाच मिनिटांचं काम. इथे टोक गेलं म्हणजे अख्खी केबल गेली, ट्रेमधले सगळे टाय कापून बाहेर काढावी लागली, आणि विक्रेत्याने बदली द्यायला जवळजवळ महिना लावला, याचा मला अजूनही राग आहे. म्हणून सांगतो, ट्रे उघडा आहे तोवरच एक जास्तीची केबल टाकून ठेवा. पाइपातून न्यायची असेल तर आधी मॉड्यूलचं डोकं त्यातून जातंय का बघा, ते कापून परत जोडता येत नाही. पोर्टमधून काढताना मॉड्यूलची पट्टी धरूनच ओढायचं, वायरला धरून नाही, मानेपाशी फायबर तुटतं.

रॅकच्या आतल्या आत मात्र डॅकच घ्या, वीज जवळपास खातच नाही आणि स्वस्तही पडते. आणि ऑर्डर देताना दोन्ही टोकांचं कोडिंग (ते टोक कोणत्या कंपनीचं म्हणून ओळखलं जावं ते) वेगवेगळं सांगा, एकीकडे स्विच एका कंपनीचा आणि दुसरीकडे कार्ड दुसऱ्या कंपनीचं असेल तर काही स्विच अनोळखी केबलला पोर्टच चालू करून देत नाहीत.