यकृतासाठी चिनी औषध: वुवेइझ, ज्येष्ठमध की श्याव छायहू थांग?

एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) वाढलेला असला की चीन-जपानच्या परंपरेतली तीन नावं पुढे येतात: वुवेइझ, गान्त्साव म्हणजे ज्येष्ठमध, आणि श्याव छायहू थांग हा सात घटकांचा काढा. तिन्हींना यकृतरक्षक म्हणतात, पण रक्षण करण्याची रीत वेगळी, म्हणून कुणाला कोणतं चालणार नाही हेही वेगळं.

वुवेइझ ही ईशान्य चीनमधल्या वेलीची लाल, आंबट फळं. चिनी औषधकोशातली रोजची मात्रा 2 ते 6 ग्रॅम. यकृतावर काम करणारी लिग्नान द्रव्यं मुख्यतः बियांत असतात आणि पाण्यात फारशी उतरत नाहीत. अख्खी फळं उकळली की काढा आंबट होतो, पण लिग्नान चोथ्यातच राहतात. बी ठेचून घ्यावी. त्याहून मद्यार्कातला अर्क बरा. खरेदीतही फसगत होते. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची वुवेइझ या औषधकोशात दोन वेगळ्या वनस्पती आहेत. पहिलीत स्किझांड्रॉल-ए हे लिग्नान किमान 0.40 टक्के लागतं, दुसरीत स्किझांथेरिन-ए किमान 0.20 टक्के. पाकिटावर वनस्पतीचं नावच नसेल तर ते परत ठेवावं.

तिचा परिणाम पॅरासिटामॉलच्या प्रयोगांत चांगला दिसतो. या औषधाचा थोडा भाग यकृतात नॅपक्वी नावाचं विष बनतो. पेशींतलंच ग्लुटाथायोन हे द्रव्य ते निकामी करतं. ग्लुटाथायोन संपलं की पेशी मरू लागतात. उंदरांमध्ये वुवेइझच्या अर्काने विष कमी बनतं आणि ग्लुटाथायोन टिकून राहतं. मात्र बहुतेक प्रयोगांत अर्क आधीच दिलेला असतो. गोळ्या जास्त पोटात गेल्यावर वुवेइझ शोधत बसू नये. तिथे ॲसिटिलसिस्टीन हा उतारा लागतो आणि तो पहिल्या 8 तासांत मिळाला तर सर्वांत उपयोगी.

औषधांची मोडतोड करणारी विकरं दाबण्याचा हा गुण इतर औषधांना नडतो. टॅक्रोलिमस या अवयव-प्रत्यारोपणानंतरच्या औषधाची रक्तातली पातळी वाढते. चीनमध्ये प्रत्यारोपणानंतर दक्षिणी वुवेइझच्या कॅप्सूल मुद्दाम देऊन टॅक्रोलिमस कमी मात्रेत भागवतात, पण तिथे रक्तातली पातळी मोजत राहतात. डॉक्टरांना न सांगता घेतली तर मूत्रपिंडावर बेतू शकतं.

वुवेइझमधल्या स्किझांड्रिन-सीवरच्या संशोधनातून चीनमध्ये बायफेंडेट ही गोळी निघाली. तिने एसजीपीटी झपाट्याने उतरतो, एसजीओटी हे तसंच दुसरं विकर तेवढं उतरत नाही, आणि गोळी थांबवली की आकडा परत चढू शकतो. म्हणून एकट्या एसजीपीटीवर खूश होऊ नये. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) आणि प्लेटलेट सोबत पाहावेत.

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन दाह कमी करतं. माणसांवरचा अनुभव याचाच जुना: जपानमध्ये ते इंजेक्शनच्या रूपात 1948पासून वापरात आहे, 20 मिलिलिटरमध्ये 40 मिलिग्रॅम. जुनाट हिपॅटायटिसमध्ये शिरेतून रोज 40 ते 60 मिलिलिटर देतात. एसजीपीटी उतरतो, पण विषाणू जात नाही. ज्येष्ठमधाची पूड चघळणं म्हणजे हा उपचार नव्हे. तोंडावाटे जास्त काळ घेतलं तर मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारं विकर अडतं. पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते. रक्तदाबाचे किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण यात आधी अडकतात.

श्याव छायहू थांगचं मूळ झांग झोंगजिंगच्या सुमारे 1,800 वर्षांपूर्वीच्या ग्रंथपरंपरेत आहे. जपानमध्ये त्यालाच शो-साइको-तो म्हणतात. तिथल्या दाणेदार औषधात रोज छायहू 7, बानश्या 5, हुआंगछिन, जिनसेंग आणि चिनी बोर प्रत्येकी 3, ज्येष्ठमध 2, आलं 1 ग्रॅम यांचा अर्क असतो. (ज्येष्ठमध यातही आहेच, दोन्ही एकत्र घेतले तर पोटॅशियमचा धोका वाढतो.) सिरॉसिसच्या (यकृत घट्ट, व्रणयुक्त होण्याच्या आजाराच्या) 260 रुग्णांवरच्या जपानी चाचणीत यकृताचा कर्करोग कमी होण्याकडे कल दिसला, तरी एकूण रुग्णांत फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम ठरला नाही.

मग या औषधाचा दुष्परिणाम म्हणून फुफ्फुसांचा दाह समोर आला. मार्च 1996मध्ये जपानी आरोग्य मंत्रालयाच्या तातडीच्या इशाऱ्यात 88 रुग्ण आणि त्यांतले 10 मृत्यू नोंदले गेले. तिथे आता इंटरफेरॉन (हिपॅटायटिसवरचं इंजेक्शन) चालू असताना, सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग असताना, किंवा जुनाट हिपॅटायटिसमध्ये प्लेटलेट दर घनमिलिमीटरला 1,00,000 किंवा कमी असताना हे औषध वर्ज्य आहे. म्हणजे ज्यांना आशा सर्वांत जास्त, नेमकं त्यांनाच ते बंद. कोरडा खोकला, धाप आणि ताप आला की त्याच दिवशी औषध थांबवून डॉक्टर गाठावा. त्यातल्या हुआंगछिनमुळे यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

घ्यायचंच असेल तर, इतर औषधं चालू नसलेल्या माणसासाठी तिघांत वुवेइझचा प्रमाणित अर्क मला कमी जोखमीचा वाटतो. इंजेक्शन फक्त रुग्णालयात, आणि काढा पारंगत वैद्याच्या देखरेखीशिवाय नको. क्षयाच्या गोळ्या चालू असताना एसजीपीटी वाढला तर यांतलं काहीही घरी सुरू करू नये. त्या गोळ्यांनीच यकृताला इजा होऊ शकते, म्हणून कोणती गोळी थांबवायची हे डॉक्टरांकडून आधी ठरतं. केसांसाठी विकलं जाणारं हो शौ वू हे चिनी मूळ या यादीत मुद्दाम नाही: त्यानेच यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत, आणि एचएलए-बी*35:01 हा जनुकप्रकार असलेल्यांना तो धोका बराच जास्त असतो.