स्प्लेंडर प्लसचा मागचा ब्रेक: नव्या लायनरवर एक उन्हाळा, एक पावसाळा

मार्चमध्ये मागच्या चाकात नवे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) टाकले, कंपनीचे नाहीत, बाजारातले. उन्हाळाभर बोट ठेवायला जागा नव्हती. घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावरही ब्रेक अलगद धरायचा, चाक लॉक व्हायचं नाही. तेव्हा पाचपैकी पाच दिले असते. जुलैत वंदना टॉकीजजवळच्या तुंबलेल्या पाण्यातून ये-जा सुरू झाली आणि तोच ब्रेक बसला. पेडल दाबलं की नुसतं किंचाळणं, गाडी थांबत नाही, आणि चाकाच्या मधल्या हबला हात लावला तर चटका.

यावर गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: 'लायनर गेले, नवीन टाका.' माझा सगळा राग इथे आहे. खोलून मोजलं तर लायनर ३ मिमीच्या वर शिल्लक, बदलायची मर्यादा २ मिमी. ड्रम मुळात १३० मिमीचा, १३१ झाला की बाद; तोही ठीक. मग पुन्हा पैसे कशाचे?

खरा घोळ कॅमचा, म्हणजे पेडल दाबल्यावर फिरून लायनर ड्रमवर दाबणाऱ्या तुकड्याचा. ब्रेक प्लेट (ड्रमचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमची, तिच्यातून जाणारा कॅमचा दांडा लोखंडी. बाहेरचं फेल्ट (पाणी अडवणारी मऊ रिंग) कोरडं पडलं की पाणी आत जातं, दांडा गंजतो आणि भोकात आखडतो. पेडल सोडलं तरी कॅम पूर्ण मागे येत नाही. लायनर ड्रमला घासत राहतात, तापतात, त्यांच्यावर काचेसारखी चकाकी चढते. मग पकड कुठून राहणार? कॅम तसाच ठेवून नवे लायनर टाकले, तर पुढच्या पावसात त्यांचंही तेच होणार.

तपासायला चाक काढावं लागत नाही. पेडलकडून येणाऱ्या ब्रेक रॉडचा नट काढा, कॅमच्या दांड्यावरचा आर्म हाताने फिरवून सोडा. टक्कन मागे आला पाहिजे. रेंगाळला तर प्लेट खोला. आत साचलेली पूड फुंकू नका, हवाही मारू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. आर्म काढण्याआधी त्यावरचा आणि दांड्यावरचा पंच मार्क (ठोकलेली खूण) बघून घ्या. दांडा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, भोक साफ करा, उष्णता झेलणारं ग्रीस अगदी पातळ लावा, जास्तीचं पुसून टाका. फेल्ट इंजिन ऑइलमध्ये बुडवून बसवा. लायनरची चकाकी जाड पॉलिश पेपरने घासून काढा; मात्र ग्रीस किंवा तेल मुरलेला लायनर वाचत नाही, तो फेकाच.

काही मेकॅनिक आर्म एक दाता पुढे बसवून पेडल टाइट करून देतात. असं करू देऊ नका, पूर्ण दाबल्यावर आर्म आणि रॉडमधला कोन ९० अंशांच्या पुढे गेला की जोर कमी होतो. लायनर खरंच संपलेत का, ते बाणाला विचारा: ब्रेक दाबलेला असताना झीज दाखवणाऱ्या इंडिकेटरचा बाण प्लेटवरच्या खुणेशी जुळला तरच बदला.

चाक बसवताना पेडल दाबून धरा आणि मगच अ‍ॅक्सलचा नट आवळा, म्हणजे लायनर ड्रमच्या मधोमध बसतात. पेडलचा फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी चाल) २० ते ३० मिमी. शेवटी ब्रेक लाइटचा स्विच जुळवा, तो हमखास विसरला जातो.

लायनर अजून तेच आहेत आणि मस्त धरतात. म्हणून चार तारे. एक कापला तो सोबत आलेल्या ढिल्या स्प्रिंगांसाठी. कंपनीच्या जुन्या स्प्रिंगाच परत लावाव्या लागल्या.